सुतळीनं बांधलेले शब्द

नवतपा लागला की नागपूरकर एकमेकांना दोनच प्रश्न विचारतात. तुमच्याकडं किती झालं, आणि कूलरची ताटी बदलली का. पहिल्या प्रश्नाला तुम्ही काहीही उत्तर द्या, विचारणाऱ्याकडं एक डिग्री जास्तच असते. मेच्या शेवटचे हे नऊ दिवस आम्ही तक्रार करत करत मिरवतो. बाहेरगावचा पाहुणा घाम पुसत "बाप रे" म्हणाला की आम्हाला आतून बरं वाटतं, हे ऊन जसं काही आम्हीच तापवलंय.

आमच्या कूलरची ताटी काल बदलली. नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं, पंखा फिरला आणि तो ओलसर, हिरवट वास घरभर झाला. मी डोळे मिटले आणि कोणी न विचारता माझ्या तोंडून आलं, "ऑब्स्टिनेट."

"काय गं आई?" गार्गी म्हणाली. गार्गी माझी मुलगी, एकवीस वर्षांची. सध्या ती कूलरसमोर फरशीवर पालथी पडून, मोबाईलवर इंग्रजी शब्द पाठ करते. तिचीही परीक्षा आहे.

"काही नाही. चालू दे तुझं."

तिचं चालूच असतं. मोबाईलमधली एक बाई शब्द म्हणते, खाली चार अर्थ येतात, गार्गी बोट टेकवते, बरोबर आलं की टिंग वाजतं. काल तासाभरात तिनं साठ शब्द केले. 'केले' हा तिचाच शब्द, पोळ्या केल्यासारखा. संध्याकाळी मी त्यातले पाच विचारले, तर तीन आले नाहीत. "तेव्हा आले होते," म्हणाली, आणि वर माझ्याकडंच रागानं बघितलं. मी गप्प बसले. मला गप्प बसायला फार कष्ट पडतात, हे माझ्या बँकेतल्या कोणालाही विचारा.

ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. पण मला तो शब्द ऐकला की आधी अर्थ आठवत नाही, पंप आठवतो. वाडीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, अमरावती रोडच्या गोदामांच्या मागं. दिवसभर ट्रकांचे भोंगे, डिझेलचा वास, आणि खिडकीत पत्र्याचा एक कूलर. त्याचा पंप चापट मारल्याशिवाय पाणी चढवायचा नाही. आई जाता-येता त्याला एक ठेवून द्यायची आणि म्हणायची, "मुडदा बशिवला याचा!" त्या पंपाच्या वायरला सुतळीनं एक पुठ्ठा बांधलेला होता आणि त्यावर काळ्याभोर, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, ऑब्स्टिनेट.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि बँकेतल्या अधिकाऱ्याच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होते. पहिल्या खेपेला मी इंग्रजीत आपटले होते. गणित येत होतं, बाकी सगळं येत होतं, पण हे जड जड शब्द! सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक जुनं शब्दांचं पुस्तक आणलं होतं. त्याच्या आधीच्या मालकानं पहिल्या शंभर पानांवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, पुढं सगळं कोरं. त्याचं काय झालं कोण जाणे. बहुतेक लग्न झालं असावं.

मी सकाळी चाळीस शब्द घोकायची आणि दुपारपर्यंत सगळे उन्हात वाळून उडून गेलेले असायचे. एकदा भर दुपारी मी पुस्तक फेकलं आणि रडायला बसले. बाबा जेवायला घरी आले होते. कांदा फोडता फोडता त्यांनी विचारलं, "काहून रडून राहिली वं?"

"शब्द राहत नाही डोक्यात."

"लेबल लावलं का?" बाबा म्हणाले.

आता हे समजायला बाबा काय करायचे ते सांगायला हवं. ते एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होते. आलेल्या प्रत्येक नगाला लेबल लावणं हे त्यांचं काम. पुठ्ठ्याचा एक तुकडा, टोकाला भोक, भोकात सुतळी. त्यावर ते बोरूनं काळ्या शाईत माल कोणाचा ते नाव आणि खाली रायपूर, जबलपूर, अकोला असं गाव लिहायचे, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं त्यांच्याइतकी देखणी काढणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. त्यांचा आर छाती काढून उभा राहायचा. दुसऱ्या गोदामांतले लोकसुद्धा खास त्यांच्याकडून नावं लिहून न्यायचे.

"बिनलेबलाचा माल कोपऱ्यात पडते," बाबा म्हणाले. "त्याले कोणी विचारत नाही. तुहे शब्द तसेच पडून राहिले असतीन. बांध ते कुठंतरी."

आणि संध्याकाळी ते कोऱ्या लेबलांची एक चळतच घेऊन आले. दर रविवारी मी एकेक अक्षर सांगायची आणि बाबा मांडी घालून लिहायचे. अर्थ लिहायचा नाही असं मी ठरवलं होतं. ज्या वस्तूला शब्द बांधला ती वस्तू म्हणजेच अर्थ. फ्रूगल तेलाच्या बरणीला, कारण आई तेल थेंबानं घालायची. प्रीकॅरियस तीन पायांच्या स्टुलाला, कारण ते कधी कलंडेल याचा नेम नव्हता. गॅर्युलस शेजारच्या काकूंकडं उघडणाऱ्या दाराच्या कडीला, कारण काकू एकदा बोलायला लागल्या की भाजी करपून जायची. काकूंनी त्याचा मतलब विचारला तेव्हा मी "पाहुणचार करणारी" असं ठोकून दिलं. त्यांनी खूश होऊन आम्हाला आंब्याचं लोणचं पाठवलं.

इनडिस्पेन्सेबल आईच्या किल्ल्यांच्या जुडग्याला. ज्यावाचून चालत नाही असा, हे मी तिला समजावलं तेव्हा आई कुरडयांचा चीक घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "हे सांगाले इंग्रजी कायले लागते?" पण लेबल तिनं काढलं नाही. कन्हानला माहेरी गेली तेव्हाही ते कमरेला लोंबत होतं, असं मामा नंतर हसून सांगायचे.

मी बांधलेली प्रत्येक गाठ बाबा ओढून पाहायचे. ही त्यांची गोदामाची सवय. आणि गोदामाचे नियमही सांगायचे. एक नियम असा की लेबल ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, नाहीतर माल भलतीकडं जातो. आणि एकदा, मी एका खोक्यावर काय लिहू म्हणून डोकं खाजवत होते तेव्हा म्हणाले, "आमच्या इकडं लेबलावर आत काय आहे ते कोणी लिहीत नाही बाई. कोणाचा माल आहे तेच लिहितात. पोचते मंग बरोबर." मी म्हटलं, बाबा, हे पार्सल नाहीये, व्होकॅब्युलरी आहे. बावीस वर्षांची पोट्टी किती शहाणी असते!

लिहिलेल्या शब्दांचा अर्थ बाबा मला विचारायचे नाहीत. कामावरून आले की घरभर फिरून, कुठला शब्द कशाला लागला ते बघायचे आणि स्वतःच मान हलवायचे. माठाला हात लावून म्हणायचे, "अच्छा, असं आहे काय!" एकदा चपला काढता काढता हसत बोलले, "घरातल्या समद्या सामानाले लेबल लागलं. एक मीच बिनलेबलाचा राहिलो का वं?"

मी म्हटलं, शोधते तुमच्यासाठी एक चांगला. खरंच शोधत होते.

नवतप्याच्या पहिल्या दिवशी बाबा घरी आले ते पेढे घेऊन. कागदात बांधलेले चार पेढे, उन्हानं विरघळलेले. गोदामात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती. बाबा तिथं वीस वर्षं होते. जागा मिळाली ती बाबांच्याच हाताखाली शिकलेल्या एका माणसाला, आणि हे पेढे त्याचे होते.

"तुम्ही काही बोलले नाही?" मी विचारलं.

"काय बोलू? चांगला माणूस आहे. अन् अक्षर माह्यासारखंच काढते."

पेढा त्यांनी माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही. मला इतका संताप आला होता की मी आतल्या खोलीत जाऊन उन्हात तापलेल्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. या माणसाला कशाचंच काही वाटत नाही! कोणी पुढं गेलं तर हा बाजूला सरून वाट देणार, वर त्याचे पेढे आणून आम्हाला चारणार! आज मला कळतं की माझा राग बाबांवर नव्हताच. मी स्वतःला घाबरत होते. एकदा नापास झाले होते, दुसऱ्यांदा झाले तर मीही अशीच कुठंतरी स्टुलावर बसून राहीन, ही ती भीती होती. पण तेव्हा कुठलं कळायला. लेबलांच्या चळतीत वरच एक शब्द होता. बाबांनीच रविवारी लिहिलेला, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात. मीडिओकर. म्हणजे सुमार, जेमतेम, ना धड ना वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो त्यांच्या डब्याच्या खाकी पिशवीला बांधला.

मला वाटलं होतं त्यांच्या लक्षातही येणार नाही. पण चपला घालता घालता ते थांबले. पिशवी उचलून डोळ्यांजवळ नेली, एकेक अक्षर बोटानं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे माह्यासाठी?"

"हो."

"मतलब काय याचा?" पहिल्यांदाच त्यांनी अर्थ विचारला होता.

खरं सांगायला तेवढाच एक क्षण होता. "भरवशाचा," मी म्हटलं.

त्यांनी गाठ ओढून पाहिली, घट्ट होती. आणि ती पिशवी घेऊन माझा बाप त्या रणरणत्या उन्हात निघाला, लेबल दर्शनी बाजूला ठेवून.

ते मी लगेच काढून टाकायला हवं होतं. रात्री पिशवी खुंटीला असायची, दोन मिनिटांचं काम होतं. पण बाबा रोज सकाळी गाठ तपासायचे. गोदामात सगळ्यांना दाखवलं म्हणाले, पोट्टीनं माह्यासाठी शब्द निवडला. आता काढलं तर काय सांगू? मी माझी समजूत घातली की तिथं कोणाला हा शब्द येणार आहे. पुस्तक उघडलं की पानावर तोच दिसायचा. पन्हं घशाखाली जाईना. आई म्हणाली, पोरीला ऊन लागलं, आणि माझ्या तळव्यांना कांदा चोळत बसली.

मग ते झालं, जे फक्त बाबांच्या गोदामातच होऊ शकतं. बाबांनी डब्याची पिशवी नगांच्या रांगेशेजारी टेकवली होती. हमालांनी पाहिलं, लेबल आहे, सुतळी आहे, अक्षर ओळखीचं आहे. उचलली आणि रायपूरच्या ट्रकमध्ये चढवली. बाबा त्या दिवशी उपाशी राहिले आणि घरी येऊन त्यांनी हा किस्सा इतका रंगवून सांगितला की आई हसून हसून खाली बसली. "भेंडीची भाजी रायपूरले गेली वं तुही!" मीही हसले. हसता हसता मनात म्हणत होते, देवा, ती पिशवी हरवू दे.

तीन दिवसांनी पिशवी परत आली. डबा धुतलेला होता. लेबल जागेवर होतं. बाबा एवढंच म्हणाले, "रायपूर फिरून आली," आणि पिशवी खुंटीला लावली. किस्सा रंगवला नाही. त्या रात्री जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे बसलो. मी पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर सांगितलं. बाबांचा बोरू शाईच्या वर तसाच थांबला.

"आधी मतलब सांग," ते म्हणाले. "मंग लिहितो."

आवाज साधा होता. त्यानंतर प्रत्येक शब्दाला त्यांनी आधी अर्थ विचारला. मी समजायचं ते समजले आणि न समजल्यासारखं केलं. पाऊस आला, परीक्षा झाली, मी पास झाले. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी गल्लीभर पेढे वाटले आणि माझ्यासाठी एक मुद्दाम बाजूला ठेवला. तो मी खाल्ला. पण तो एक शब्द आमच्या दोघांत तसाच राहिला.

गंमत बघा. त्या पुस्तकातले शेवटचे दोनशे शब्द मी घाईत नुसते घोकले होते, लेबलं न बांधता. त्यातला आज एकही सांगता येणार नाही. परीक्षेच्या सभागृहातून बाहेर पडले आणि पायऱ्यांवरच ते गळून गेले. पण बांधलेले शब्द जात नाहीत. बदलीच्या गावांत, परक्या क्वार्टरांत, कोणी फ्रूगल म्हटलं की मला आईची तेलकट बरणी दिसायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. इनडिस्पेन्सेबल हा शब्द मी अजून कुठल्याही पत्रात वापरत नाही. कोणी लिहून आणला तर खोडते आणि दुसरा घालते.

आणि मीडिओकर? बँकेत कितीदा गोपनीय अहवाल लिहिले. कोणाच्या कामाबद्दल तो शब्द सुचला की पेन थांबायचा. माझ्या हाताखालची माणसं मला उदार समजत राहिली. मी उदार वगैरे काही नाही. मला भीती वाटायची, एवढंच.

बाबा आता ऐंशीचे आहेत आणि माझ्याकडं राहतात. ती खाकी पिशवी त्यांच्या खोलीच्या दारामागं खुंटीला आहे. रोज सकाळी दूध आणायला ते तीच नेतात. मी त्यांना दोन नव्या पिशव्या आणून दिल्या, त्यांनी त्या गार्गीला देऊन टाकल्या. लेबल मळून चामड्यासारखं झालंय, अक्षरं फिकी पडलीत, पण वाचता येतात. मी त्या खोलीत जाते तेव्हा दाराकडं पाठ करून उभी राहते. इतकी वर्षं झाली, सवय झाली.

आज दुपारी मी पन्ह्याचे ग्लास घेऊन त्या खोलीत गेले तर गार्गी दारामागं उभी होती. मोबाईलची रेंज तिथंच येते म्हणे. तिचं बोट लेबलावर होतं.

"आबा, हे काय आहे? मीडिओकर? पिशवीला कोणी बांधलं?"

बाबा पलंगावर बसले होते. "तुह्या मायनं," ते म्हणाले.

"आई! तुला याचा अर्थ तरी माहितीय का?"

मी हातातले ग्लास खाली ठेवले.

"तिले माहीत आहे," बाबा म्हणाले. "अन् मलेही माहीत आहे. पिशवी रायपूरले गेली होती नं, तं तिथल्या क्लार्कनं फोन केला. विचारते, हे कोणतं गाव आहे बाबा, आमच्या यादीत नाही. मंग त्यानंच मतलब सांगतला. लई हासला तो."

"मग तुम्ही काढून नाही टाकलं?"

"मी कसा काढीन? ज्यानं बांधलं त्यानं सोडावं. गोदामाचा नियम आहे." हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, कूलरकडं बघत होते.

म्हणजे हा माणूस सव्वीस वर्षं वाट पाहत होता. माझ्याकडं राहायला आल्यापासून रोज सकाळी ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून नेत होता आणि परत आणून खुंटीला लावत होता, आणि मी पाठ करून उभी राहत होते.

मी पिशवी काढून मांडीवर घेतली आणि खालीच बसले. गाठ दगड झाली होती. नखानं निघेना, दातानं निघेना. गार्गी कात्री आणायला वळली तशी मी ओरडले, "कात्री नको!" सुतळीचा एकेक धागा सोडवत बसले. डोळ्यांत पाणी असल्यावर गाठ दिसत नाही, त्यामुळं आणखीच वेळ लागला.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. "फार चुकलं."

"हव, चुकलंच होतं," बाबा म्हणाले. "दोन दिवस जेवण नाही गेलं मले." मग पन्ह्याचा ग्लास उचलत, "पण परीक्षेची धास्ती होती तुले. तेही दिसत होतं."

गाठ सुटली. पुठ्ठ्याखालची जागा इतक्या वर्षांत ऊन न लागल्यानं अजून गडद खाकी होती. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"आता दुसरं बांध," ते म्हणाले. "बिनलेबलाचा माल कोपऱ्यात पडते."

गार्गीला उत्साह आला. घरी आलेल्या पार्सलच्या खोक्याचा तुकडा तिनं कापून आणला, भोक पाडलं, स्केचपेन बाबांच्या हातात दिला आणि मोबाईल उघडून शब्द सुचवायला लागली. "आबा, स्टोइक घ्या, म्हणजे सगळं शांतपणे सोसणारा. नाहीतर मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचा, हा मस्त आहे!" शब्द चांगले होते. मलाही आणखी दहा-बारा येत होते, त्यासाठीच तर पगार घेतला जन्मभर. पण एकही जिभेवर येईना.

बाबांनी पेनचं टोपण काढलं. "सांग वं. काय लिहू?"

आणि मला ते वाडीच्या खोलीतलं बोलणं आठवलं. लेबलावर आत काय आहे ते कोणी लिहीत नाही, कोणाचा माल आहे तेच लिहितात.

"माझं नाव लिहा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग पुठ्ठा गुडघ्यावर धरून लिहायला लागले. सुनंदा, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. अक्षरं मला सांगावी लागली नाहीत. हात थरथरत होता, मधलं एक अक्षर वाकडं आलं, शेवटचं पुठ्ठ्याच्या कडेला टेकलं. फुंकर मारून त्यांनी ते वाळवलं आणि माझ्याकडं दिलं. मी त्याच जुन्या सुतळीनं ते पिशवीला बांधलं.

बाबांनी गाठ ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढली.

"हं," ते म्हणाले. "आता पोचते बरोबर."